चाक, चक्र, सायकल, व्हील: कुठेही न लिहिलेल्या एका शब्दाचा माग

अक्षरवेल

सायकलचे चाक. एवढ्याशा शब्दप्रयोगात एकच शब्द दोनदा आला आहे, हे कळले तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले होते. एक वाट संस्कृत-प्राकृतातून मराठीपर्यंत आली, दुसरी ग्रीक, लॅटिन, इंग्रजी असा वळसा घालून. दोन्ही वाटा जिथून फुटल्या तो शब्द मात्र कुठल्याच शिलालेखात नाही की पोथीत नाही. भाषाशास्त्रज्ञ तो *क्वेक्व्लोस असा मांडतात. शब्दाआधीच्या चांदणीचा अर्थ हाच, की हे रूप लेखात सापडलेले नाही, वंशजांची तुलना करून काढले आहे. ज्या भाषेतले ते मानतात तिला आद्य-इंडो-युरोपीय म्हणतात.

आधी उच्चार. इथला 'क्व' म्हणजे क आणि व यांचे जोडाक्षर नाही. ओठ गोल करून क म्हटला की निघतो तो एकच ध्वनी. मूळ धातू *क्वेल्, म्हणजे वळणे, फिरणे. त्याचे पहिले अक्षर दुहेरी केले आणि मधला स्वर गाळला, की क्वे-क्व्ल्-ओस तयार होते. कृ पासून चकार होताना जे घडते (संस्कृत वैयाकरण त्याला 'अभ्यास' म्हणतात), तशीच ही घडण आहे. 'फिरत राहणारे ते' असा सरळ अर्थ.

आता वंशज. संस्कृत चक्र, प्राचीन इराणी अवेस्तन भाषेत चख्र. त्याच इराणी शब्दाचे पुढे र आणि ख यांची अदलाबदल होऊन फारसीत चर्ख झाले आणि तिथून चरखा आपल्याकडे आला. ग्रीक क्युक्लोस म्हणजे वर्तुळ, चाक. त्यापासून लॅटिन सायक्लस, इंग्रजी सायकल. जुन्या इंग्रजीत ह्वेओल, आजचे व्हील. मध्य आशियातल्या तारिम खोऱ्यात वाळूखालून मिळालेल्या हस्तलिखितांतली तोखारी भाषा १९०८ मध्ये ओळखली गेली. तिच्या एका बोलीत 'कोकले' आणि दुसरीत 'कुकल्' आहे, अर्थ गाडी, रथ. आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन फ्रिजियन भाषेत 'किक्लेन' हे सप्तर्षींच्या तारकासमूहाचे नाव होते, कारण अनेक प्राचीन लोकांना त्या सात ताऱ्यांत गाडी दिसे. लिथुआनियन 'काक्लास'चा अर्थ मान. मान वळते, म्हणून.

मला सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट 'चक्र' या रूपातच आहे. मूळ शब्दात दोन्ही व्यंजने सारखी, क्व आणि क्व. मग संस्कृतात पहिल्याचा च आणि दुसऱ्याचा क का? उत्तर त्यांच्यामागच्या स्वरात आहे. पहिल्या क्व नंतर ए होता. ए म्हणताना जीभ पुढे टाळूकडे जाते, आणि जाताना आधीच्या व्यंजनालाही ओढते. त्यामुळे क चा च झाला. दुसऱ्या क्व नंतर ल होता, तिथे ओढणारे कोणी नव्हते, म्हणून क तसाच राहिला. पुढे तो ऱ्हस्व ए संस्कृतात अ मध्ये विरघळला आणि ल चा र झाला. ए गेला, पण आपण तिथे होतो याची खूण च च्या रूपाने ठेवून गेला.

हा तालव्यीकरणाचा नियम १८७०च्या दशकात अनेक अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच सुमारास लक्षात आला. तोवर समज असा होता, की संस्कृतातला अ हाच मूळचा आणि ग्रीक-लॅटिनमधले ए, ओ नंतर फुटले. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट श्लायखर यांनी १८६८ मध्ये पुनर्रचित भाषेत एक छोटी गोष्ट लिहिली होती, तिच्यात म्हणूनच अ चा सुकाळ आहे. च आणि क यांच्या वाटणीने ते चित्र उलटे केले. 'आणि' या अर्थाचा संस्कृत च, लॅटिन क्वे, ग्रीक ते ही याच नियमातली आहेत. पंच, क्विंक्वे, पेंते हीसुद्धा.

चक्र ते चाक हा प्रवास आपल्या ओळखीचा आहे: चक्र, प्राकृत चक्क, मग द्वित्त सुटून आधीचा स्वर दीर्घ, चाक. सप्त, सत्त, सात, हस्त, हत्थ, हात, तसेच.

*क्वेल् या धातूची किंवा या शब्दाची आणखी नाती कुणाला ठाऊक असतील तर जरूर लिहा.

---

ओंजळ

फार आवडला धागा. एक भर घालते.

तुम्ही 'चाक' लिहिले आहे, पण आपण तो च कसा म्हणतो ते पाहा. 'चक्र' मधला च टाळूला लागतो, 'चाक' मधला दातांमागे. चंद्रातला च आणि चाकातला च वेगळे. चक्र आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला, म्हणून त्याचा च तालव्य राहिला. चाक प्राकृतातून झिजत आला आणि त्याचा च मराठीच्या वळणाने पुढे दातांकडे सरकला.

आता गंमत पाहा. मराठीत हे दंत्य च, ज, झ पुढे ई किंवा ए आला की पुन्हा टाळूकडे जातात. उंच म्हणताना जीभ दातांमागे, उंची म्हणताना टाळूला. माझा आणि माझी म्हणून बघा. म्हणजे पुढचा स्वर आधीच्या व्यंजनाला टाळूकडे ओढतो, हे चक्राच्या बाबतीत कित्येक हजार वर्षांपूर्वी घडले, आणि आपल्या तोंडात ते दिवसातून शंभरदा घडते. तालव्यीकरणाचा नियम शिकवायला मराठी माणसाला परक्या भाषेतले उदाहरण द्यावेच लागत नाही.

---

कंदील

@ओंजळ, मग 'चार' मधला च तालव्य का? पुढे तर आ आहे.

---

ओंजळ

चांगला प्रश्न. जुन्या मराठी कागदपत्रांत हा शब्द 'च्यार' असा लिहिलेला दिसतो. तो य लेखनातून गेला, पण उच्चारात टिकला. हे अपवाद नव्हेत, जुन्या रूपाचे अवशेष आहेत.

---

प्रश्नचिन्ह

वाचायला छान आहे, पण मला काही गोष्टी पटत नाहीत आणि त्या मोकळेपणाने मांडतो.

चांदणीवाला शब्द कोणी ऐकलेला नाही. चार भाषांतले चार शब्द समोर ठेवायचे, त्यांच्या मधोमध बसेल असे एक रूप बनवायचे, आणि मग ते चार शब्द या रूपापासून निघाले असे सांगायचे. हे वर्तुळ झाले. नियमही आपणच बनवायचे आणि शब्दही आपणच. आडाखा खोटा ठरण्याची शक्यता नसेल तर त्याला शास्त्र कसे म्हणायचे?

शिवाय चाक ही वस्तू आहे. वस्तू एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा तिचे नाव बरोबर जाते. सायकल नाही का आली? मग चक्र, क्युक्लोस, व्हील ही एकमेकांकडून उसनी घेतलेली नावे का नसतील?

---

जुनीवही

@प्रश्नचिन्ह, तुमची पहिली शंका योग्यच आहे, आणि एकोणिसाव्या शतकातही ती घेतली गेली होती. म्हणूनच आडाखे आधी मांडले गेले आणि पुरावा नंतर सापडला, अशीच उदाहरणे देतो.

पहिले. १८७९ च्या सुमारास स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, असे मांडले की आद्य भाषेत काही ध्वनी असे होते जे सर्व ज्ञात वंशजांतून पुसले गेले. फक्त शेजारच्या स्वरांवर त्यांचा परिणाम राहिला. तेव्हा ते ध्वनी दाखवता येईल अशी एकही भाषा माहीत नव्हती. निव्वळ गणितासारखी मांडणी होती, आणि बहुतेकांनी ती मानली नाही. पुढे १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन हित्ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले. १९२७ मध्ये येर्झी कुरिलोविच यांच्या लक्षात आले, की सोस्यूर यांनी जिथे हरवलेला ध्वनी धरला होता, त्यातल्या अनेक ठिकाणी हित्तीत ह सारखा ध्वनी लिहिलेला आहे. संस्कृत अस्थि, ग्रीक ओस्तेओन, आणि हित्ती हस्ताइ. सोस्यूर तोवर हयात नव्हते.

दुसरे उदाहरण थेट या धाग्यातल्या धातूचे आहे. होमरच्या ग्रीकमध्ये सेविकेला 'अम्फिपोलोस' म्हणतात, म्हणजे जी भोवती वावरते ती. संस्कृतात तसाच 'अभिचर' आहे, सेवक या अर्थी. लॅटिनमध्ये 'अंक्युलुस'. ग्रीक प, संस्कृत च, लॅटिन क. तुलनेवरून अभ्यासक सांगत होते की या ग्रीक प च्या जागी पूर्वी क्व असला पाहिजे. ग्रीकमध्ये तो क्व कुणी पाहिला नव्हता. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी क्रीट आणि ग्रीसमधली प्राचीन रेषीय-ब (लिनियर बी) लिपी उलगडली आणि ख्रिस्तपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या मातीच्या पाट्या ग्रीक असल्याचे निघाले. त्या लिपीत क्व साठी वेगळी चिन्हे आहेत. सेविकांसाठी तिथे शब्द आहे 'अ-पि-क्वो-रो'. त्या लिपीत ल आणि र एकाच चिन्हाने लिहितात आणि अक्षराच्या शेवटचे अनुनासिक लिहीत नाहीत, हे धरले की तो होतो अम्फिक्वोलो. चांदणी लावून जो क्व मांडला होता, तो मातीत कोरलेला सापडला.

आडाखा खोटा ठरू शकला असता. त्या पाटीवर प निघाला असता तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागली असती.

---

सांजवात

अंगावर काटा आला हे वाचून. म्हणजे 'परिचर', 'अनुचर' मधला चर आणि चक्र एकाच धातूचे?

---

अक्षरवेल

हो. चरति हा *क्वेल् चाच वंशज. क्वे चा च, ल चा र, चक्राप्रमाणेच. फिरणे हा मूळ अर्थ. म्हणून गुरे चरतात. संचार, आचार, विचार, चरित्र ही सगळी त्याची पिल्ले.

लॅटिनमध्ये याच धातूचे कोलेरे झाले. फिरणे, मग एखाद्या जागी वावरणे, मग तिथे राहणे, आणि राहून जमीन कसणे, असा अर्थाचा प्रवास. त्यापासून कोलोनिया, म्हणजे वसाहत, आणि आपली कॉलनी. कल्चरही तिथलेच. लॅटिनमध्ये ल जवळ आल्यामुळे क्वे चा को झाला, पण 'भाडेकरू' या अर्थाच्या इंक्विलिनुस या शब्दात क्व टिकला आहे. एका धातूचे दोन चेहरे एकाच भाषेत.

ग्रीक 'पोलोस' म्हणजे ज्याभोवती आकाश फिरते तो खिळा. उत्तर ध्रुवाला इंग्रजीत पोल म्हणतात तो हाच. आणि गुराख्याला ग्रीकमध्ये 'बूकोलोस', जुन्या आयरिशमध्ये 'बुआखल्'. पहिला भाग आपला गो, दुसरा हाच क्वोल. @जुनीवही, बूकोलोसमध्ये प न येता क का आला ते तुम्हीच सांगा ना, तुम्हाला ते जास्त नेमके सांगता येईल.

---

जुनीवही

ग्रीकमध्ये क्व च्या शेजारी उ आला की ओठांची गोलाई गळून पडते आणि साधा क उरतो. ओठ आधीच उ साठी गोल असतात, वेगळी गोलाई ऐकूच येत नाही. रेषीय-ब पाट्यांत हा शब्द 'क्वो-उ-को-रो' असा आहे. सुरुवातीच्या ध्वनीची गोलाई शाबूत, उ नंतरच्या ध्वनीची गेलेली. याच नियमाने क्युक्लोस समजतो. आधी पहिल्या क्वे ची गोलाई स्वरात उतरून कु झाला, मग त्या उ मुळे पुढच्या क्व ची गोलाईही गेली. म्हणून दोन्हीकडे साधा क.

आता @प्रश्नचिन्ह यांच्या उसनवारीच्या शंकेबद्दल. उसना शब्द आपण कधी आलो ते सांगून जातो. 'सायकल' कडेच पाहा. तो चाकाआधी मराठीत आला असता तर आज ओळखू येणार नाही इतका झिजला असता. तो झिजलेला नाही, म्हणजे अलीकडचा. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या शाखेत, मूळ क चा ह झाला, तो ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला बदल. ह्वेओल मध्ये ह्व आहे, म्हणजे क चा ह होण्याआधीपासून तो शब्द त्या भाषेत होता. संस्कृतात च आहे, म्हणजे क चा च होण्याआधीपासून तो तिथे होता. प्रत्येक शाखेत हा शब्द त्या शाखेच्या सगळ्यात जुन्या बदलांतून गेला आहे. उसना घेतला असेलच, तर शाखा फुटण्याआधी किंवा फुटता फुटता घेतला असला पाहिजे. आणि मग त्याला वारसाच म्हणावे लागते.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो. जुन्या इंग्रजीत ह्वेओलच्या जोडीला 'ह्वेओगोल' असेही रूप आहे. ह आणि ग ही दोन रूपे कशी? कार्ल व्हेर्नर यांनी १८७७ मध्ये दाखवले, की जर्मानिकमधला हा भेद मूळ शब्दात आघात कुठे होता त्यावर ठरतो. आणि तो आघात त्यांनी ओळखला वैदिक स्वरांवरून. वैदिक 'चक्र' चा उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे, आणि ग असलेल्या रूपाला नेमका तसाच आघात लागतो. पाठांतराने जपलेला उदात्त-अनुदात्त हजारो वर्षांनी जर्मानिक व्यंजनांचे कोडे सोडवायला उपयोगी पडला. मला स्वतःला या विषयात यापेक्षा सुंदर काही सापडलेले नाही.

---

प्रश्नचिन्ह

@जुनीवही, अ-पि-क्वो-रो चे उदाहरण पटले. वर्तुळाचा आक्षेप मागे घेतो. उसनवारीचाही बराचसा.

पण आता पुढचा मुद्दा. हा शब्द होता, म्हणून चाक होते, म्हणून ही भाषा चाकाच्या शोधानंतर बोलली जात होती, अशी साखळी नेहमी मांडली जाते. इथे मला घाई वाटते. *क्वेल् म्हणजे फिरणे. फिरणाऱ्या वस्तूला वेगवेगळ्या शाखांनी आपापले, पण त्याच धातूपासून नाव दिले असेल. हिब्रूत चाकाला 'गलगल' म्हणतात, सुमेरीत गाडीला 'गिगिर'. तिथेही दुहेरी अक्षरे आहेत. फिरणे म्हटले की माणसाला अक्षर दुहेरी करावेसे वाटत असेल.

---

रानपाखरू

मी शेतीतल्या शब्दांच्या बाजूने लिहितो. भाषाशास्त्र शिकलेलो नाही, शब्द मात्र वापरातले आहेत.

गाडीचा आस. पृथ्वीच्या आसालाही आपण तोच शब्द वापरतो. हा संस्कृत अक्ष. मराठीत क्ष चा स होतो: इक्षु चा ऊस, कुक्षी ची कूस, ऋक्ष चे रीस, म्हणजे अस्वल. हिंदीत ईख आणि रीछ, आपल्याकडे ऊस आणि रीस. तसेच अक्ष चा आस. लॅटिनमध्ये आक्सिस, ग्रीकमध्ये आक्सोन, इंग्रजीत अ‍ॅक्सल. बैलगाडीचा आस आणि मोटारीचा अ‍ॅक्सल हे सख्खे भाऊ.

जू, बैलांच्या मानेवरचे. संस्कृत युग. आरंभीच्या य चा ज होतोच, यात्रेची जत्रा होते तसा. इंग्रजी योक, लॅटिन युगुम, ग्रीक झ्युगोन, आणि हित्ती युकन.

चाकाच्या मधला भाग संस्कृतात नाभी. इंग्रजीत त्याला नेव्ह म्हणतात आणि बेंबीला नेव्हल. वाहणे, वाहन यांतला वह् आणि इंग्रजी वॅगन, लॅटिन वेहेरे एकच. म्हणजे एकटे चाक नाही, पूर्ण गाडीच जुळते आहे.

---

ध्रुवपद

@रानपाखरू, नेमके. एकट्या शब्दावर कोणी भिस्त ठेवत नाही. चाक, आस, तुंबा म्हणजे नाभी, जू, वाहून नेणे हे सगळे एकत्र आढळते म्हणून वजन येते.

आणि जे जुळत नाही तेही तितकेच बोलके आहे. आऱ्याला समान शब्द नाही. संस्कृत अर, त्यावरून आपला आरा, लॅटिन राडियुस, ग्रीकमध्ये पायाच्या नळीला जो शब्द तोच, क्नेमे, इंग्रजी स्पोक. प्रत्येकाचा वेगळा. आता उत्खननाकडे पाहा. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे मिळालेल्या भांड्यावर चारचाकी गाड्यांसारखी चित्रे आहेत, ख्रिस्तपूर्व ३५०० च्या सुमाराची. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये मिळालेले लाकडी चाक जवळपास ५१५० वर्षांपूर्वीचे आहे. भरीव फळ्यांचे, सुमारे ७० सेंटीमीटर व्यासाचे, आणि आस चाकाला पाचरींनी घट्ट बसवलेला, त्यामुळे तो चाकाबरोबरच फिरे. आऱ्यांची चाके ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमारास, उरल पर्वताच्या दक्षिणेकडच्या सिन्ताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत दिसतात. भरीव चाकाचे नाव समान, आऱ्याचे नाव वेगवेगळे. शाखा फुटण्याचा काळ या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो, असा कयास त्यातून निघतो.

@प्रश्नचिन्ह, दुहेरी अक्षर माणसाला सुचते हे खरे. पण क्वे-क्व्ल् ची घडण खास आहे: पुढचे अक्षर ए घेऊन दुहेरी, धातूचा स्वर गाळलेला, शेवटी ओस. अशी नामे फार थोडी. बभ्रु, म्हणजे तपकिरी, आणि इंग्रजी बीव्हर हे असेच एक जोडपे आहे. चार शाखांनी स्वतंत्रपणे त्याच धातूला त्याच दुर्मीळ साच्यात घालून त्याच वस्तूला नाव द्यावे, हे मला अवघड वाटते. स्लाव्ह भाषांनी त्याच धातूपासून अक्षर दुहेरी न करता 'कोलो' केले, आणि स्वतंत्र घडण अशी वेगळी ओळखू येते.

---

प्रश्नचिन्ह

बीव्हरचा मुद्दा चांगला आहे. नाभी आणि वह् मात्र मी त्या यादीतून काढेन. बेंबीचा शब्द चाकाच्या मध्याला वापरणे कुणालाही सुचेल, आणि वाहून नेणे चाकाविनाही होते.

आणि हित्तीचे काय? अनातोलियातल्या, म्हणजे हित्ती आणि तिच्या शाखेतल्या, भाषांत क्वेक्व्लोस आहे का?

---

जुनीवही

नाही. हाच या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे, बरे झाले विचारलेत.

हित्तीत चाकाला 'हुर्की' म्हणतात. त्याचा भाऊ फक्त तोखारीत आहे, 'वर्कन्त्' आणि 'येर्क्वन्तो', अर्थ चाक. म्हणजे तोखारीत चाकाला एक शब्द, आणि क्वेक्व्लोसचा वंशज गाडीला. हित्तीत युकन आहे, दांड्याला 'हिस्सा' हा शब्द आहे, तो संस्कृत ईषा. पण जू आणि दांडा नांगरालाही असतात, त्यासाठी चाक लागत नाही. म्हणून अनेक अभ्यासक असे मानतात, की अनातोलियन शाखा आधी वेगळी झाली आणि क्वेक्व्लोस हा शब्द उरलेल्यांनी नंतर घडवला. तसे असेल तर त्याला आद्य-इंडो-युरोपीय म्हणताना 'अनातोलियन सोडून' अशी पुस्ती जोडायला हवी.

काळाबद्दल वाद अजून चालू आहे. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने शब्दसंग्रहांच्या सांख्यिकी तुलनेवरून या कुलाचे मूळ सुमारे ८१०० वर्षांपूर्वी नेले. तसे असेल तर शाखा चाकाच्या पुष्कळ आधी फुटल्या, आणि मग एवढे चाकाचे शब्द एकमेकांशी ध्वनिनियमांनी कसे जुळतात याचे उत्तर द्यावे लागते. माझा कल चाकाच्या शब्दांकडे आहे. सांख्यिकी प्रारूपात गृहीतके बदलली की हजारो वर्षांनी उत्तर सरकते. च आणि क यांची वाटणी सरकत नाही.

---

कंदील

यातून आर्य कुठून आले हा प्रश्नही सुटतो का?

---

अक्षरवेल

या शब्दाने तो सुटत नाही, आणि मला तो इथे ओढायचाही नाही. शब्द माणसांबरोबर जातात, तसे माणसांवाचूनही पसरतात. भाषाकुल म्हणजे वंश नव्हे.

रथ आणि चाके यांच्याबरोबर भाषा कशी फिरते याचे एक लेखी उदाहरण मात्र देते. हित्तींची राजधानी हत्तुशा इथे घोड्यांच्या प्रशिक्षणावर एक ग्रंथ मिळाला. तो सांगणारा किक्कुली स्वतःला मितन्नी देशाचा म्हणवतो. ग्रंथ हित्तीत आहे, पण घोड्यांना किती फेऱ्या द्यायच्या त्याचे शब्द असे: ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न, नव-वर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ फेऱ्या. भारताबाहेर, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या आसपास. आणि सत्त हे प्राकृतासारखे रूप तेव्हा तिथे! वर्तन म्हणजे वळण. अर्थाने *क्वेल् चा शेजारी.

---

सांजवात

रथ राहिला की. तो या कुटुंबातला नाही?

---

ध्रुवपद

रथ वेगळ्या धातूचा, धावणे या अर्थाच्या. लॅटिन रोटा, जुनी आयरिश रोथ, जर्मन राड, लिथुआनियन रातास, या सगळ्यांचा अर्थ चाक. फक्त संस्कृत आणि अवेस्तनमध्ये तो गाडीला लागला.

त्यातला थ पाहण्यासारखा आहे. बाकीच्या भाषांवरून साधा त अपेक्षित आहे. मग महाप्राण कुठून आला? रोटाच्या शेवटचा दीर्घ आ म्हणजे मूळचा ए आणि सोस्यूर यांच्या हरवलेल्या ध्वनींपैकी एक, मिळून झालेला. 'चाके असलेले ते' असा नवा शब्द करताना पुढे ओस लागला, ए गळला आणि तो हरवलेला ध्वनी थेट त ला भिडला. त आणि ह सारखा ध्वनी, मिळून थ. हित्तीच्या मातीच्या पाट्यांत जो ध्वनी ह म्हणून लिहिलेला मिळतो, तो आपण 'रथ' म्हणताना थ च्या श्वासात म्हणतो.

---

रानपाखरू

चाकोरी हा शब्द कुणी घेतला नाही. गाडीच्या चाकांनी मातीत पडलेल्या दोन घळी, ती चाकोरी. तो चाकापासूनच ना?

---

अक्षरवेल

हो, चाकापासूनच. आणि त्यातलाही च दातांमागचा, @ओंजळ यांनी सांगितला तसा. ही नोंद मूळ लेखात राहून गेली होती, आज भर घालते.